अडगळीच्या खोलीतील मुलगा

घनसावंगी तालुक्यातील जांब या गावी १६०८ साली जन्मलेल्या आणि पुढे समर्थ रामदास म्हणून ख्यातकीर्त झालेल्या नारायणाची ती आख्यायिका आपण सर्वांनी बालपणी ऐकलेली असते: मुलगा कुठे दिसेना म्हणून आईने घर धुंडाळले, तो अडगळीच्या काळोख्या खोलीत एकटाच बसलेला सापडला, आणि इथे काय करतोस असे तिने विचारताच आपण विश्वाची चिंता करीत आहो असे त्याने सांगितले. पुत्राचे हे उत्तर आपण त्याच्या अलौकिकत्वाचा दाखला म्हणून मिरवितो. मातेच्या प्रश्नाची मात्र कोणी नोंद घेत नाही.

माझे लक्ष त्या प्रश्नाकडे वळविले ते जालन्यातील समाजकार्याच्या एका विद्यार्थ्याने. घराण्यात वारी, गळ्यात तुळशीची माळ, अशा संस्कारांत वाढलेला हा तरुण अभ्यासक्रमाचा भाग म्हणून किशोरवयीनांच्या मानसोपचार कक्षात काही महिने जात असे. आपल्या नामस्मरणाची शिदोरी या दुःखितांना वाटावी, अशा दयार्द्र आणि (हे त्यानेच कबूल केले) किंचित ऐटीच्या भावनेने तो पहिल्या दिवशी गेला. बारावीत नापास झाल्यापासून खोलीबाहेर न पडलेल्या एका मुलाने त्याचे सारे निरूपण निमूट ऐकून घेतले आणि म्हटले, "दादा, हे सगळं माझ्या आजीनं सांगून झालंय."

पुढच्या खेपेस विद्यार्थी नुसता बसून राहिला. तिसऱ्या की चौथ्या भेटीत मुलगा आपण होऊन बोलू लागला, तेही परीक्षेविषयी नव्हे, तर २०१२-१३ च्या दुष्काळात वाळून गेलेल्या आणि अखेर वडिलांनी कुऱ्हाड लावलेल्या मोसंबीच्या बागेविषयी. त्या वेळी तो पहिलीत होता.

पतंजलीने दुःखितांविषयी करुणा आणि सुखी जनांविषयी मैत्री सांगितली आहे. आपल्या सरकारने किशोरवयीनांच्या दवाखान्यांना 'मैत्री' हे नाव देताना योगसूत्रे उघडून पाहिली असतील असे मला वाटत नाही. पण सरकारी दप्तराकडून कधी नकळत मार्मिक गोष्ट घडून जाते, कारण करुणेला उभे राहण्यास एक पायरी वर लागते आणि मैत्रीला शेजारी बसण्यापुरती जागा पुरते.

आमच्याकडे मन बिघडले की "बाहेरचं लागलंय" असे म्हणतात, आणि मग भोकरदनजवळचा जाळीचा देव, शेजारच्या बुलढाण्यातील सैलानी बाबांचा दर्गा, अशी यात्रा सुरू होते. मी त्या यात्रेस हसणार नाही. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी येथील मनोरुग्णालये ज्या मुलखापासून शेकडो मैलांवर, तिथल्या बापाने दुसरे करावे तरी काय? रुग्णास साखळदंडाने जखडण्याची मनाई कायद्याच्या कलमात स्पष्ट शब्दांत उतरण्यास २०१७ साल उजाडावे लागले, आणि जालन्यात असे रुग्णालय उभारण्याची मंजुरी तर त्याहूनही अलीकडची. परंतु "बाहेरचं" या शब्दात एक सोय दडलेली असते: जे बाहेरून आले त्याला हाकलायचे असते, त्याची कैफियत कोणी ऐकत नाही. उलट जांबच्या त्या संताने मनाला जे श्लोक ऐकविले, त्यांत मनाला 'सज्जन' म्हणून संबोधिले आहे.

श्रद्धा डळमळली का, असे मी विद्यार्थ्याला विचारले. माळ आहे तशीच आहे, तो म्हणाला. पूर्वी आपल्या बोलण्यात देव आहे असे वाटे, आता त्या मुलाच्या बोलण्यात, आणि न बोलण्यातही, काहीतरी अर्थ असलाच पाहिजे असे मानून जातो. हे मानणे मला अधिक कठीण वाटते, कारण देवाचे मौन आपण आरतीने भरून काढू शकतो.

शेवटच्या भेटीत मुलाने त्याला विचारले की, नवी कलमे लावली तर मोसंबी किती वर्षांनी धरते. विद्यार्थी शहरातला, त्याने ठाऊक नाही म्हणून सांगितले. "पाचव्या वर्षी," मुलगा म्हणाला, आणि खड्डे केवढे घ्यावे लागतात ते हातांनी दाखवू लागला.