पावसाचा भरवसा आणि देवावरचा भरवसा

मराठीत 'भरवसा' हा शब्द बहुतेक वेळा नकाराला जोडून येतो. पावसाचा भरवसा नाही, बाजारभावाचा भरवसा नाही, जिवाचा तर नाहीच नाही. मराठी ख्रिस्ती उपासनेत मात्र हाच शब्द ठाम होकारार्थी वापरला जातो. आजाऱ्याच्या उशाशी, कर्जाने खचलेल्या घरात, दफनविधीनंतर परतलेल्या माणसांच्या बैठकीत 'प्रभूवर भरवसा ठेवा' असे म्हटले जाते आणि त्याच्या पाठोपाठ नम्रता आणि आशा हे दोन शब्दही येतात. सततच्या वापराने हे तिन्ही शब्द इतके गुळगुळीत झाले आहेत, की ऐकणाऱ्याला त्यांतून 'गप्प राहा आणि सोसा' एवढेच कळते. हा अर्थ चुकीचा आहे आणि घातकही आहे, असे मला वाटते. या तीन गुणांनी संकटातल्या माणसाच्या पाठीत कणा घातला पाहिजे. ते तसे करत नसतील तर त्यांना ख्रिस्ती म्हणण्यात अर्थ नाही. हे म्हणणे पारखायला पंडिता रमाबाईंच्या आयुष्याइतका कठोर पुरावा मराठीत दुसरा सापडणे अवघड आहे.

रमाबाईंनी भरवशाचा पराभव फार लहान वयात पाहिला होता. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरून पुराणे सांगत असे. व्रते, उपास, दानधर्म यांत त्यांनी काही कमी केले नाही, गाठीचा पैसाही त्यातच संपला. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. 1880 मध्ये भाऊ श्रीनिवास गेला, 1882 मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. तेव्हा रमाबाई तेवीस वर्षांच्या होत्या आणि पदरात मनोरमा होती. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या घटनाक्रमाचा एक सोपा ख्रिस्ती अर्थ लावला जातो: आधीचे देव पावले नाहीत, हा पावला. तो मला मान्य नाही. दुष्काळात ख्रिस्ती माणसेही अन्नावाचून मेली आहेत आणि ज्याच्यावर सगळ्यांचा भरवसा होता तो ख्रिस्त स्वतः वधस्तंभावर टाकून दिल्यासारखा मेला. 'मी एवढे करतो, तू एवढे दे' हा सौदा कोणत्याही देवाशी केला तरी सौदाच राहतो, आणि दुष्काळ तो मोडतो. आज बरे होण्याची आणि भरभराटीची हमी देणाऱ्या ख्रिस्ती सभा भरतात, तिथे तोच जुना सौदा नव्या नावाने चालू असतो. रमाबाईंच्या पुढच्या आयुष्यात भरवशाचे रूप याहून वेगळे दिसते.

त्याआधी नम्रतेबद्दल बोलायला हवे, कारण या शब्दाचा गैरवापर सर्वांत जास्त होतो आणि तो बहुधा वरच्यांकडून खालच्यांच्या बाबतीत होतो. वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी रमाबाईंचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात त्रैक्यासारख्या सिद्धान्तावर आणि चर्चच्या अधिकारावर त्या मोकळेपणाने प्रश्न विचारताना दिसतात. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटलेली मी, लगेच दुसरे जोखड मानेवर घेणार नाही, हा त्यांचा पवित्रा होता. जेराल्डीनबाईंना त्यात गर्व दिसला. आक्षेप वरवर खरा वाटतो, कारण नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या, आश्रयाला राहिलेल्या परदेशी विधवेने आपल्या गुरूंशी वाद का घालावा? पण फिलिप्पैकरांस पत्रात पौल ज्या नम्रतेचे वर्णन करतो, ती श्रेष्ठाने स्वतःला रिते करून दासाचे रूप घेण्याची आहे. दासाने दासच राहावे, अशी शिकवण त्यात नाही. देवापुढे वाकलेल्या माणसाला इतर कुणापुढे वाकण्याची सक्ती उरत नाही. 1897 मध्ये पुण्यात प्लेगचा कहर चालू असताना सरकारी प्लेग-व्यवस्थेत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये उघड पत्र लिहिले. मुंबई सरकारने आरोप फेटाळले. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे म्हणवणारे होते; तरी त्यांनी पत्र लिहिले. आणि याच काळात ही बाई मध्य प्रांतातल्या दुष्काळी भागात स्वतः जाऊन, कुणी जवळ घेऊ नये अशा अवस्थेतल्या मुली गोळा करत होती. सत्तेपुढे ताठ आणि उपाशी मुलीपुढे वाकलेली, ही एकच नम्रता आहे.

त्या दुष्काळातून सुमारे तीनशे मुली केडगावला, रमाबाईंच्या मुक्ती सदनात आल्या. 1900 च्या आसपासच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. अमेरिकेतल्या साहाय्यक मंडळाने दिलेली दहा वर्षांच्या मदतीची हमी 1898 मध्येच संपली होती. रमाबाई जॉर्ज म्युलरच्या अनाथालयाची उदाहरणे वाचून प्रभावित झाल्या होत्या. उद्याच्या खर्चाची प्रार्थना आज करायची, ही त्यांची रीत. पण मुक्ती सदनात प्रार्थनेच्या जोडीने काय चालले होते, तेही पाहावे: विहिरी खणल्या जात होत्या, शेती होती, गुरे होती, हातमाग होते, छापखाना होता, आंधळ्या मुलींसाठी बर्तिमी सदन होते. पावसाचा भरवसा नाही म्हणणारा शेतकरीच मृगाच्या आधी नांगरट करून ठेवतो. त्या नांगरटीने पाऊस विकत घेता येत नाही, हे त्याला पुरते ठाऊक असते. रमाबाईंचा भरवसा या जातीचा होता.

आता खरा बोचणारा आक्षेप. भरवशाच्या गोष्टी वाचलेल्यांकडूनच ऐकू येतात. ज्या मुली केडगावच्या वाटेवर किंवा पोहोचल्यावर दगावल्या, त्यांचा भरवसा कुणी नोंदवायचा? या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नाही आणि ज्याच्याकडे ते आहे असा दावा केला जातो त्याच्यापासून दूर राहावे. ख्रिस्ती धर्मग्रंथ इथे एक गोष्ट करतो, जी आपल्या उपदेशांतून जवळजवळ गायब झाली आहे: तो तक्रारीला जागा देतो. ईयोब देवाला जाब विचारतो आणि अखेरीस देव दोष ठेवतो तो देवाची बाजू घेणाऱ्या मित्रांवर. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे भरपूर आहेत. जिथे भरवसा असतो तिथेच माणूस भांडतो. परक्याकडे कुणी गाऱ्हाणे मांडत नाही. म्हणून शोक करणाऱ्याला 'तुझा विश्वास कमी पडला' असे सांगणे हे ईयोबाच्या मित्रांचेच पाप आहे.

दुसरा आक्षेप रमाबाईंच्या कामावरच आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. भुकेल्या मुलीला भाकरीबरोबर धर्म दिला, तर तिची निवड कितपत मोकळी? रमाबाईंनी त्याआधी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनाच्या बाबतीत हा वाद 1893 मध्ये पेटला आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळी बाहेर पडली. सदनात सक्ती नव्हती याचा एक पुरावा म्हणजे तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. ती हिंदूच राहिली आणि पुढे धोंडो केशव कर्व्यांची पत्नी झाली. पण दुष्काळातल्या अनाथ मुलींची गोष्ट वेगळी आहे. त्यांना परतायला घर नव्हते आणि जिने जीव वाचवला तिचा देव नाकारण्याचे बळ दहा वर्षांच्या पोरीत कुठून येणार? इथे माझे मत असे, की संकटात सापडलेल्याच्या नम्रतेवर आपण फार बोललो आणि मदत करणाऱ्याच्या नम्रतेवर फार थोडे. दिलेल्या अन्नाच्या बदल्यात समोरच्याचे मनही न मागणे, हे देणाऱ्याचे सर्वांत अवघड रितेपण आहे. रमाबाईंनी ते पूर्णपणे साधले असे म्हणवत नाही. त्या मुलींना त्यांनी वाचायला, कमवायला, खिळे जुळवायला शिकवले, म्हणजे पुढे स्वतःचे काही ठरवण्याची साधने त्यांच्या हाती दिली, एवढे मात्र निश्चित.

राहिली आशा. 1921 च्या जुलैत मनोरमा वारली. आईच्या मागे मुक्ती सदन तिने चालवायचे, हे ठरल्यासारखेच होते. सगळे कुटुंब आधीच गमावलेल्या, त्रेसष्ट वर्षांच्या, जवळजवळ बहिऱ्या झालेल्या बाईला आता कोणती आशा उरली, असे कुणी विचारले तर त्यांच्या मेजाकडे बोट दाखवावे लागेल. साध्याभोळ्या बाईला कळेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतले होते, कितीतरी वर्षे हे भाषांतर चालू होते आणि केडगावच्या बायकाच ते छापत होत्या. लेक गेल्यावरही ते काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई वारल्या, तेव्हा भाषांतर हातावेगळे झालेले होते. संपूर्ण ग्रंथ बांधून वाचकाच्या हाती जायला अजून अवकाश होता.