रिकाम्या पोटी

त्या वर्षी सांगली-सातारा एसटीत खिडकीची जागा मिळाली तरच मी चढायचे. पर्समध्ये दुधाच्या धुतलेल्या रिकाम्या पिशव्या, अर्धं कापलेलं लिंबू, मारी बिस्किटांचा पुडा आणि जपमाळ. पेठ नाका येईपर्यंत एक पिशवी कामी आलेली असायची, कराडच्या स्टँडवर दुसरी. २०१६ सालची गोष्ट. मला तिसरा महिना. कडेवर चार वर्षांचा थोरला, तो दर पंधरा दिवसांनी तापाने फणफणायचा. साताऱ्यात सासूबाई, डाव्या अंगावरून वारं गेल्याने अंथरुणाला खिळलेल्या. नवऱ्याची नोकरी फिरतीची. आठवडाभर नणंद आईचं सगळं करायची. शनिवारी मी पोचले की ती दोन दिवस आपल्या घरी जायची.

कुणी विचारलं तर मी सांगायचे, कडक डोहाळे लागलेत. या त्रासाला आपल्याकडे दुसरा घरगुती शब्द मला तरी सापडला नाही. डोहाळे म्हणजे मूळचं दोहद. चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, बाई दोन हृदयांची होते, म्हणून तिची इच्छा मोडू नये, असं सुश्रुतसंहिता सांगते. म्हणजे हा शब्दच इच्छेचा. चिंचा, कैऱ्या, झोपाळा, हिरवी साडी. आमच्या ख्रिस्ती घरांतही डोहाळजेवण होतं, फक्त ओटीच्या आधी प्रार्थना होते. पण दिवसातून पंधरा वेळा पित्त ओकणाऱ्या बाईला कसली आलीय इच्छा? सांगलीत हळदीचा हंगाम होता. मार्केट यार्डाच्या बाजूने वारा सुटला की मी दारं-खिडक्या लावून घ्यायचे. लेकाच्या तापाच्या औषधाचा गोडसर वास आला तरी मोरीकडे पळायचे. पोटात राहायचे ते फक्त तासगावचे बेदाणे, तेही एकेक, चघळत.

हाल काय, घरोघरी असतात, आणि सासूबाईंचे माझ्याहून मोठे होते. मला सांगायचंय ते वेगळं. लहानपणापासून माझ्यात रुजलेला एक विचार त्या महिन्यांत उलटापालटा झाला, त्याबद्दल.

कॅथलिक घरात वाढलेल्या मुलीच्या कानावर एक वाक्य फार लवकर पडतं: ‘येशूला अर्पण कर.’ दात दुखतोय, अर्पण कर. पेपर अवघड गेला, अर्पण कर. मागे संत पौलाचं कलस्सैकरांस पत्र आहे, ख्रिस्ताच्या दुःखात आपलं दुःख मिळवण्याची मोठी कल्पना आहे. पण आपल्यापर्यंत ती पोचते ती गोळीसारखी, पाण्याबरोबर गिळायला. त्या वर्षी राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला होता आणि दुसऱ्याच दिवशी, ११ तारखेला, चर्च पाळतं तो जागतिक रुग्ण दिन. मिस्सा संपल्यावर एका सिस्टरने माझं उतरलेलं तोंड पाहून प्रेमाने सांगितलं, ‘उलट्यासुद्धा अर्पण कर गं. उपासकाळ आहे, तुझा उपास आपोआप होतोय.’

मी करून पाहिलं. पहाटे तीनला बादलीशी वाकलेल्या माणसाला प्रार्थनेचा एक शब्द आठवत नाही, हा माझा अनुभव. पण खरी अडचण पुढे लक्षात आली. दुःख एकदा अर्पण केलं की त्याबद्दल बोलायचं कारण उरत नाही, आणि बाई बोलली नाही तर घराला विचारायचं कारण उरत नाही. अर्पण केलेल्या दुःखाची ही सोय कुटुंबाला फार मानवते.

ही गाठ सोडवली ती सासूबाईंनी, आणि तीही नकळत. त्यांचा जन्म १९४४चा, बालपण तेव्हाच्या नगर जिल्ह्यात, श्रीरामपूरकडच्या एका खेड्यात. एका रविवारी पॅरिशमधले एक निवृत्त शिक्षक फादरांच्या वतीने त्यांच्यासाठी घरी कम्युनियन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, घेऊन आले. मीही समोर बसले होते, पण घेतलं नाही. नुकतंच बिस्कीट खाल्लं होतं. कम्युनियनआधीचा तासाभराचा उपास मोडला होता. ते गृहस्थ गेल्यावर सासूबाई जड जिभेने, अडखळत, आपल्या आईबद्दल बोलू लागल्या. धाकट्या भावाच्या वेळी तिला असंच सारखं उलटायचं. तेव्हा मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. ती रिकाम्या पोटी मिस्साला चालत जायची, वाटेत बांधावर बसून हिरवं-पिवळं ओकायची, पदराने तोंड पुसायची आणि पुढे चालायची. ‘पाणी तरी पी म्हणलं, तर म्हणायची, मग जाऊन काय उपेग?’

रिकाम्या पोटी मळमळ वाढते, हे गरोदर बाईला कुणी शिकवावं लागत नाही. उठण्याआधी अंथरुणातच कोरडं काहीतरी खा, असं आता डॉक्टरही सांगतात. म्हणजे त्या बाईच्या नियमाने तिचा आजार वाढवला होता. मग मी नियम शोधायला बसले. चर्चचा कायदा रुक्ष असतो म्हणतात. मी तो कादंबरीसारखा वाचला.

१९१७च्या संहितेत एक बारीकशी फट होती. महिनाभर अंथरुणाला खिळलेला रोगी, लवकर बरं होण्याची आशा नसेल तर, पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूच्या सल्ल्याने, आठवड्यातून एक-दोनदा, औषध किंवा पातळ काही घेतलेलं असतानाही कम्युनियन घेऊ शकत होता. पण बांधावर ओकून पुढे चालणारी बाई अंथरुणाला खिळलेली नव्हती ना! १९५३मध्ये बाराव्या पायस पोपनी पाण्याने उपास मोडत नाही असं ठरवलं. १९५७मध्ये मध्यरात्र गेली. जेवणासाठी तीन तास आणि पेयासाठी एक तास आला. १९६४मध्ये सहाव्या पॉल पोपनी सगळं एका तासावर आणलं. आणि १९७३मध्ये एक दस्तऐवज निघाला, त्यात आजाऱ्यांसाठी आणि वृद्धांसाठी तो तास सुमारे पंधरा मिनिटांवर आला. घरोघर कम्युनियन नेण्याचं काम साध्या प्रापंचिक माणसांनाही देता येईल, हेही त्याच दस्तऐवजातलं. ते निवृत्त शिक्षक साताऱ्यातल्या आमच्या जिन्याच्या पायऱ्या चढले ते त्याच्या जोरावर.

पण माझं बोट थांबलं ते पुढच्या शब्दांवर. ही पंधरा मिनिटांची सवलत आजाऱ्यांना आणि वृद्धांना होतीच, शिवाय त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनाही होती. १९८३च्या संहितेत, ९१९व्या कलमात, ती पंधरा मिनिटंही गेली. म्हातारे, आजारी आणि त्यांची काळजी घेणारे यांनी तासाभरात काही खाल्लेलं असलं तरी हरकत नाही. कायद्याच्या एका ओळीने खाटेवरच्या माणसावरून नजर हलवून खाटेशेजारच्या स्टुलाकडे पाहिलं होतं. त्या स्टुलावर नणंद होती, मी होते. आजारपण एकट्याचं नसतं हे रोमला १९७३मध्ये लिहावंसं वाटलं. आमच्या घरांत अजून कुणाला वाटलेलं दिसत नाही. तिथे सून आजारी पडली तर पहिला प्रश्न असतो, आता आईंचं कोण करणार?

गरोदर बाईचा उल्लेख मात्र त्या कलमातही नाही. ती आजारी, की फक्त गरोदर? हा प्रश्न चर्चला जितका जड गेला, तितकाच वैद्यकालाही. १९३०च्या दशकातल्या पाश्चात्त्य डॉक्टरांच्या लिखाणात अशा बाईला एकटं ठेवा, नातेवाईकांना भेटू देऊ नका, ओकायला भांडंही देऊ नका, असले सल्ले सापडतात. समजूत अशी की तिच्या मनाला हे मूल नको आहे, आणि पोट ते बोलून दाखवतंय. मला पहिल्यांदा तपासणाऱ्या डॉक्टरांनी इतकं म्हटलं नाही. ‘मन रमवा, सीरियल बघा’ एवढंच म्हटलं. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली, केटोन निघाले, आणि त्यांनी तीन दिवस सलाईनवर ठेवलं. ग्लुकोजच्या आधी त्यांनी बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं, कारण आठवडेच्या आठवडे ओकून ते संपलेलं असतं आणि तसंच ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. मला ते इंजेक्शन टोचलं जाताना रडू आलं. दुखलं म्हणून नाही. कुणीतरी माझ्या शरीराचा हिशोब मांडत होतं म्हणून.

त्याच १९३०च्या दशकात रोममध्येही एक हिशोब चुकता झाला. तोवर व्रतस्थ सिस्टरांनी बाळंतपणाच्या कामात पडायचं नाही असा दंडक होता. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरांकडे जात नाहीत आणि घरीच मरतात, हे रावळपिंडीत पाहिलेली ॲना डेंगल ही ऑस्ट्रियन डॉक्टर त्याविरुद्ध झगडत होती. १९२५मध्ये तिने डॉक्टर आणि नर्स असलेल्या स्त्रियांचा एक संघच उभा केला. अखेर फेब्रुवारी १९३६मध्ये परवानगी आली. तोवर इथे मिरजेत प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. विल्यम वान्लेस यांच्या रुग्णालयाला, १८९४पासून, चाळीसहून अधिक वर्षं झाली होती. माझी एक प्रोटेस्टंट मैत्रीण यावरून मला अजून चिडवते, आणि मी ऐकून घेते.

उपासकाळात आमच्याकडे संत जियाना बेरेत्ता मोल्ला हिचं चरित्र गरोदर बायांना आवर्जून वाचायला देतात. मलाही मिळालं. इटलीतली डॉक्टर, गर्भाशयात गाठ, पोटातल्या बाळाला वाचवण्याचा आग्रह. २१ एप्रिल १९६२ला मुलगी झाली, २८ला जियाना गेली. २००४मध्ये ती संत झाली. या गोष्टीतून बायकांनी घ्यायचा तो अर्थ ठरलेला असतो: आई म्हणजे मरायची तयारी. पण तिने उपचार नाकारले नव्हते. तिने शस्त्रक्रिया करून घेतली होती, बाळ राहील अशी शस्त्रक्रिया निवडून. दुखणं सांगणारी, तपासून घेणारी, निर्णय घेणारी ती बाई होती. तिच्या फोटोखाली बसून मला ‘गोळ्या कशाला, सहन कर’ असं सांगणाऱ्यांनी तेवढं पान बहुधा उलटलं नव्हतं. गोळ्यांची भीती अगदीच निराधार होती असं नाही म्हणा. थॅलिडोमाइड १९५७मध्ये जर्मनीत बाजारात आलं, गरोदरपणातल्या मळमळीवरही सर्रास दिलं गेलं, आणि १९६१मध्ये मागे घेईपर्यंत हजारो मुलं अधू जन्मली होती. पण सगळ्याच गोळ्या थॅलिडोमाइड नसतात.

अर्पणाच्या कल्पनेवर सविस्तर लिहिलं दुसऱ्या जॉन पॉल पोपनी, ११ फेब्रुवारी १९८४च्या पत्रात. त्यांच्यावर गोळीबार झाल्याला तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती. त्या पत्राचा बराचसा भाग दुःख सोसणाऱ्याबद्दल आहे, पण शेवटाकडे ते चांगल्या शोमरोन्याकडे वळतात, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्यापाशी थांबणाऱ्याकडे. जगात दुःख आहे ते दुसऱ्याच्या मनातलं प्रेम बाहेर यावं म्हणूनही, असा त्यांचा रोख. माझ्यापर्यंत पहिला भाग पोचला होता. शेवट वाटेतच कुणीतरी ठेवून घेतला होता.

लूकच्या शुभवर्तमानातला एक प्रसंग तेव्हापासून मी वेगळा वाचते. गाब्रिएल देवदूत येऊन जातो, तेव्हा अलिशिबेला सहावा महिना असतो. मारिया घाईने डोंगराळ मुलखात तिच्याकडे जाते आणि सुमारे तीन महिने राहते. प्रवचनात दर वेळी ऐकू येतं, मारिया म्हाताऱ्या नातलगाची सेवा करायला गेली. असेलही. पण ते तीन महिने मारियाचे पहिले तीन महिने होते. ज्या बायांनी ते महिने काढलेत त्यांना विचारा, कुणी कुणाला पाणी आणून दिलं असेल.

डिसेंबर २०२३मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक संशोधन आलं. गर्भाकडून आईच्या रक्तात येणारं जीडीएफ-१५ नावाचं संप्रेरक मेंदूच्या मुळाशी जाऊन ओकारी उठवतं, आणि ज्यांच्या शरीराला आधीपासून त्याची सवय कमी, त्यांना त्रास जास्त. संशोधकांतली मार्लेना फेझो हिने स्वतः १९९९मध्ये याच दुखण्यात पोटातलं मूल गमावलं होतं. मी ते वाचलं तेव्हा धाकटी सात वर्षांची झाली होती आणि सासूबाई जाऊन चार वर्षं. त्यांना सांगायचं राहिलं, एवढंच वाटलं.

त्यांच्या उशाशी एक डबा असायचा, अल्युमिनियमचा, झाकणाला पोचा आलेला. ते कम्युनियन नाकारल्यानंतरच्या शनिवारी मी मुक्कामाला गेले तर त्यांनी नणंदेकडून त्यात मारी बिस्किटं भरून घेतली होती. रविवारी पहाटे मी त्यांना कूस बदलून द्यायला उठले, तर उजव्या हाताने, जो चालत होता त्याने, त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. आधी मला खाऊ घातलं, मग कूस बदलू दिली. आठ वाजता जिन्यात चपला वाजल्या. ते शिक्षक आत आले, छातीशी कम्युनियनची डबी धरलेली. त्यांनी मेणबत्ती लावायला काडेपेटी मागितली. माझा पुन्हा घास तोंडात. मी उठून बाजूला होणार, तेवढ्यात सासूबाई तोंडाच्या एका कोपऱ्यातून म्हणाल्या,

‘थांबा जरा, मास्तर. तिचं बिस्कीट होऊ द्या.’