कळ सोसण्याचे मोल

एखाद्या माणसाचे कौतुक करायचे असले म्हणजे आपल्याकडे एक शब्द फार सहजपणे जिभेवर येतो. ‘फार सोशीक आहे हो!’ सुनेबद्दल, इस्पितळात पडून असलेल्या म्हाताऱ्याबद्दल, इतकेच काय, सुई टोचताना न रडलेल्या पोराबद्दलही आपण तो वापरतो. जणू सोसणे हा स्वतःच एक सद्गुण आहे. काय सोसले आणि कशासाठी सोसले याची चौकशी करण्याचे कारणच नाही. गेल्या वर्षी एका किडलेल्या दाढेने मला ही चौकशी करायला भाग पाडले.

दाढेच्या आत मऊ गाभा असतो. त्यात बारीक रक्तवाहिन्या आणि नसा असतात. कीड तिथवर पोचली की तो सुजतो. पण चहूबाजूंनी कठीण कवच असल्यामुळे त्याला फुगायलाही जागा मिळत नाही. दाढदुखी माणसाला रात्ररात्र बसवून ठेवते ती या कोंडमाऱ्यामुळे. मग डॉक्टर जागा बधिर करून तो गाभा काढतात, मुळांतल्या नळ्या साफ करून भरून टाकतात. हीच ती रूट कॅनल. माझी झाली तेव्हा खुर्चीत मला काहीच दुखले नाही. दुखले ते घरी आल्यावर, बधिरता उतरू लागली तेव्हा.

नस तर काढून टाकली, मग आता दुखते ते काय? असा प्रश्न कुणालाही पडावा. त्याचे उत्तर असे, की काढलेली नस दाढेच्या आतली असते. मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये तंतूंची एक पातळ गादी असते. ती जिवंत असते आणि तिच्या नसा शाबूत असतात. संसर्गाने ती आधीच सुजलेली असते, त्यात सफाईच्या हत्यारांनी थोडी डिवचली जाते. घरात शिरलेल्या चोराला पकडून नेल्यावरही घरची माणसे रात्रभर दचकून उठत राहावीत, तसे हे आहे. बहुधा पहिले एक-दोन दिवस ठणका अधिक असतो, मग तो उतरत जातो. चावताना हुळहुळणे आणखी काही दिवस राहते.

त्या संध्याकाळी शेजारचे नाना समाचाराला आले. ताटलीतली गोळी पाहून म्हणाले, “बाई, एवढ्याशा दुखण्याला गोळ्या कसल्या घेता? आमच्या आईने भूल न देता दाढ काढून घेतली, पण हू की चू केले नाही!” नानांच्या म्हणण्यात कुचेष्टा नव्हती. एका जुन्या आणि आदरणीय विचाराचा तो घरगुती अवतार होता. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात शीत-उष्ण आणि सुख-दुःख ही येणारी-जाणारी आहेत, ती सहन करावीत, असा उपदेश आहे. परंपरेने शंकराचार्यांच्या नावावर असलेला ‘विवेकचूडामणि’ तर आणखी पुढे जातो. दुःखाचा प्रतिकार न करता, चिंता आणि विलाप न करता सोसणे, म्हणजेच तितिक्षा, असे तो सांगतो. मग गोळी घेणारी मी तितिक्षेत नापासच म्हणायची!

पण हा उपदेश कुणाला आहे, हे पाहायला हवे. तो मोक्षाची इच्छा धरून बसलेल्या साधकाला आहे. त्याने ते व्रत आपल्या खुशीने पत्करलेले असते. एकादशी आपण करावी. शेजारच्याच्या पुढ्यातले ताट ओढून घेऊन त्याला एकादशी घडवू नये. तितिक्षेचेही तसेच आहे. ती स्वतःसाठी घेता येते, दुसऱ्यावर घालता येत नाही. आणि आपल्या घरांतून ती बहुतेक वेळा दुसऱ्यावरच घातली जाते.

माझी एक मावशी होती. घरात नणंदेचे लग्न होते आणि हिची दाढ ठणकत होती. दाढेखाली लवंग धरून ती लाडू वळीत राहिली. चौथ्या दिवशी गाल सुजला, मग सूज हनुवटीखाली उतरली. तोंड उघडेना, थुंकी गिळवेना. रातोरात तालुक्याच्या गावी नेली म्हणून वाचली. पुढे आलेगेले म्हणत, “केवढी सोशीक बाई!” एकदा मी तिला विचारले, “मावशी, तू बोलली का नाहीस?” ती म्हणाली, “बोलले असते तर म्हणाले असते, लग्नघरात कामाच्या वेळी सोंग करते.”

पुष्कळदा ज्याला आपण सोशीकपणा म्हणतो, तो दुसऱ्यांच्या अविश्वासाने घातलेला तोंडबंद असतो. ताप थर्मामीटरने मोजता येतो. ठणका मोजण्याचे साधन नाही. डॉक्टरसुद्धा ‘शून्यापासून दहापर्यंत किती दुखते?’ असे विचारतात, म्हणजे शेवटी रोग्याच्या शब्दावरच विसंबतात. विटगेनस्टाइन या तत्त्वज्ञाने दुसऱ्याची वेदना आपल्याला कशी कळते याचा विचार करताना वारंवार दातदुखीचेच उदाहरण घेतले, ते उगाच नव्हे. वर्गात एखादी मुलगी गालाला हात लावून बसते, तेव्हा तिच्या गालाआड डोकावण्याची सोय मला नसते. तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, एवढेच माझ्या हाती असते.

वेदना टाळण्याची आपल्याला जी साधने मिळाली, त्यांच्या इतिहासातही दातांचा वाटा मोठा आहे. अमेरिकेतल्या हार्टफर्डचे दंतवैद्य होरेस वेल्स यांनी 1844 साली नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढवून घेतली. पुढच्याच वर्षी बोस्टनमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग केला. रोगी मध्येच ओरडला आणि जमलेल्या मंडळींनी वेल्स यांची टर उडवली. 16 ऑक्टोबर 1846 रोजी त्याच बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने ईथरचा प्रयोग यशस्वी केला. पण 1847 साली एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी बाळंतपणात भूल वापरली, तेव्हा धार्मिक आक्षेपांना उत्तर देणारी पुस्तिका त्यांना लिहावी लागली. सोसण्याची थोरवी बाईच्या वेदनेपाशी येऊनच का थांबते, हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही.

म्हणून मी वेदनेचे दोन प्रकार मानते. एक हाक असते, दुसरा पडसाद. उपचारापूर्वीची दाढदुखी ही हाक आहे. ती गोळ्यांनी महिनोन्‌महिने दाबणे, म्हणजे दार ठोठावणाऱ्याला उत्तर न देता कानांत बोळे घालणे. दुखणे अंगावर काढणारा आणि गोळीवर ढकलणारा, दोघेही एकच चूक करतात; दोघेही हाक ऐकत नाहीत. उपचारानंतरची कळ मात्र बहुधा पडसाद असते. तिला जे सांगायचे होते ते सांगून झालेले असते. तो पडसाद शमवण्यात भ्याडपणा नाही, आणि तो ऐकत बसण्यात पुण्यही नाही.

या बाबतीत माझ्या डॉक्टरीणबाईंनी मला फार चांगले वागवले. खुर्चीत बसण्याआधीच त्या म्हणाल्या, “दोन दिवस दुखेल. बधिरता उतरायच्या आत थोडी पेज पोटात घालून गोळी घ्या. कळ असह्य होण्याची वाट पाहू नका.” सूज आणि वेदना दोन्ही कमी करणारी आयबुप्रोफेनची गोळी त्यांनी दिली; पण पोटातला व्रण, मूत्रपिंडाचा विकार, दमा, रक्त पातळ करणारे औषध, यांतले काही आहे का ते विचारूनच. अशांना आणि गरोदर बाईला ती गोळी आपल्या मनाने घेता येत नाही. घरात उरलेली अँटिबायोटिक घेऊ नका, ते वेदनेचे औषध नव्हे, असेही त्यांनी बजावले. लवंगेचे तेल दाढ बंद केल्यावर दुखऱ्या जागी पोचत नाही. त्या बाजूने चावू नये. तोंड मिटताना तीच दाढ आधी टेकत असेल, तर भरलेला भाग उंच झालेला असतो; तो घासून घेतला की आराम पडतो. आणि सूज वाढली, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळताना त्रास होऊ लागला, कळ उतरण्याऐवजी चढत गेली, तर तो पडसाद राहिला नाही, पुन्हा हाक झाली. मग रात्र असो की सण, तडक डॉक्टरांकडे जायचे.

बुद्धाने सांगितलेला एक दृष्टांत मला त्या रात्री आठवला. अजाण माणसाला एकाऐवजी दोन बाण लागतात: एक शरीराच्या वेदनेचा, दुसरा त्या वेदनेपायी मनाने केलेल्या आकांताचा. मला दुसरा बाण लागला नाही, पण ते श्रेय माझ्या धैर्याचे नव्हते. दुखणार हे मला आधी ठाऊक होते, म्हणून कळ आली तेव्हा ‘उपचार फसला की काय’ ही भीती आली नाही. पहिला बाण गोळीने बोथट होतो. दुसरा कुणीतरी वेळेवर बोललेल्या खऱ्या शब्दाने. ‘मुळीच दुखणार नाही’ असे सांगणारा क्षणभर धीर देतो आणि मग रात्रभराची शंका पदरात टाकतो.

सोसण्याला मोल नाही असे मी म्हणत नाही. गोळीनंतरही थोडी कळ उरतेच, आणि ती शांतपणे सोसणे हे माणसाला शोभते. पण उपाय असून तो नाकारण्यात, किंवा दुसऱ्याला नाकारायला लावून वर त्याचे कौतुक करण्यात, मला थोरवी दिसत नाही. दिवाळीचे चार दिवस घर माणसांनी भरलेले असते. त्यात एखादे माणूस चकली चहात भिजवून एकाच बाजूने खात असेल. ते आपण होऊन काही बोलणार नाही. त्याला सोशीक म्हणण्यापूर्वी जवळ जाऊन विचारावे, “दुखतंय का?” आणि ‘हो’ म्हटले, तर त्याचे म्हणणे खरे मानावे.