वृद्धाश्रम की वॉर्ड?

आळेफाट्यास एका माळकऱ्याने विचारले, “महाराज, आई अंथरुणाला खिळली. वृद्धाश्रमात ठेवू की इस्पितळात?” 2007 च्या कायद्यात दोहोंची तरतूद आहे: जिल्ह्यास निदान 150 निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम, सरकारी इस्पितळांत शक्यतो खाटा. पण वॉर्ड आजार उतरविण्यासाठी. म्हातारपण कुठले उतरायला! आश्रमात सोबत मिळते, मात्र खिळलेल्याला पुष्कळ आश्रम घेतच नाहीत.

शेजारीच आळे गावी माउलींच्या रेड्याची समाधी आहे. वेद बोलून त्याचे काम झाले, तरी संतांनी त्याला पैठणास टाकले नाही, बरोबर आणले, असे परंपरा सांगते. ते आठवून मी विचारले, “घरी तिची कूस कोण बदलते?”

“बायको. एकटीच.”

मग मी आश्रमाला नको म्हटले नाही. “शुश्रूषा करणारा पाहा,” म्हणालो, “आणि दर एकादशीला जाऊन कूस तू बदल.”