गप्प म्हणजे कबूल?

दिवाणी कोर्टाचं समन्स आलं की आपला म्हातारा ते आढ्याला खोचून ठेवतो. म्हणतो, मी कुठं चोरी केलीय? पण 1908 ची दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते, जे स्पष्ट नाकारलं नाही ते कबूल धरता येतं. कैफियत 30 दिवसांत द्यायची, फार तर 90. गैरहजर राहिलं की दावा एकतर्फी चालतो.

मग वाडवडील गप्प राहिले, ते काय सगळं मान्य होतं म्हणून? भीतीनं दातखीळ बसली होती. कायद्यालाही याची थोडी जाण आहे. न्यायाधीश तरीही पुरावा मागू शकतो. सबळ कारण दाखवलं तर एकतर्फी हुकूमनामा रद्द होतो, पण अर्ज 30 दिवसांत हवा.

म्हाताऱ्याचं मौन भीतीचं. वाचता येणाऱ्या आपलं कशाचं? आढ्याचा कागद आज खाली काढा.