चिलियांवाला ते बसंतर

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत ज्या मैदानावर छात्रांचं संचलन होतं, त्याला खेत्रपाल परेड ग्राउंड म्हणतात. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा जन्म १९५० साली पुण्यातच झाला. १९६७ मध्ये ते या प्रबोधिनीत दाखल झाले आणि १६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगड भागातल्या बसंतर नदीपलीकडच्या रणगाड्यांच्या लढाईत, वयाच्या एकविसाव्या वर्षी, धारातीर्थी पडले. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. मला मात्र त्यांच्याइतकंच त्यांच्या मागच्या तीन पिढ्यांनी गुंतवून ठेवलं आहे.

घराणं मूळचं सरगोध्याकडचं, म्हणजे आजच्या पाकिस्तानातलं. पणजोबा शिखांच्या खालसा फौजेत होते आणि जानेवारी १८४९ मध्ये चिलियांवाल्याला इंग्रजांविरुद्ध लढले, असं घरात सांगत आले आहेत. त्या झुडपी रानात इंग्रजांची इतकी माणसं पडली की लंडनमध्ये सेनापती बदलायचं ठरलं. तरी दोनच महिन्यांत पंजाब कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. पुढे आजोबा पहिल्या महायुद्धात त्याच इंग्रजांच्या फौजेत होते. वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, इंजिनिअर्स कोअरमधले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ब्रिटिश साम्राज्याची चाकरी केली. १९४७ला जन्मगाव सीमेपलीकडे गेलं आणि १९६५च्या युद्धात, ते गाव ज्या देशात होतं त्याच देशाविरुद्ध ते उभे राहिले.

एका घरातल्या चार पिढ्यांनी शस्त्र धरलं, पण ते कुणावर रोखायचं हे प्रत्येक पिढीला काळानं नव्यानं सांगितलं. लष्करी घराण्यांविषयी बोलताना आपण अखंड परंपरा हा शब्द फार सहज वापरतो. जवळून पाहिलं की ती ठिकठिकाणी तुटलेली दिसते. अरुणच्या रेजिमेंटचंही तसंच. पूना हॉर्स हे घोडदळ १८१७ साली उभं राहिलं ते दुसऱ्या बाजीरावावर लादलेल्या तहातून आणि त्याच्याकडून घेतलेल्या मुलखाच्या वसुलीवर. पुढच्याच जानेवारीत त्याचे स्वार कोरेगावला पेशव्यांच्या फौजेविरुद्ध लढत होते. त्याच रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर १९६५ मध्ये सियालकोट आघाडीवर पडले, तेव्हा ती स्वतंत्र भारताची होती. मग पिढ्यान् पिढ्या उतरतं ते काय? मला वाटतं, शत्रुत्व नाही. उतरते ती नेमून दिलेल्या जागी टिकून राहण्याची सवय, आणि ती घरात लागते, तशीच रेजिमेंटमध्येही.

१९७१चं युद्ध पेटलं तेव्हा अरुण अहमदनगरला आर्मर्ड कोअरच्या शाळेत शिकत होते. तिथून निघताना त्यांनी गोल्फच्या काठ्या आणि समारंभाचा निळा गणवेश सोबत घेतल्याचं सांगतात. लाहोरला गोल्फ खेळायचं होतं, आणि विजयानंतरच्या मेजवानीला नीट कपडे नकोत का? एकवीस वर्षांच्या पोराचा तो उत्साह वाचताना माझा घसा दाटून येतो.

१६ तारखेच्या पहाटे बसंतरपलीकडच्या सुरुंगपट्ट्यातून वाट काढण्याचं काम इंजिनिअर्सचे जवान करत होते, म्हणजे वडिलांच्याच कोअरचे. वाट पुरती मोकळी होण्याआधीच पूना हॉर्सचे रणगाडे आत घुसले. सकाळच्या निर्णायक चकमकीत समोर पाकिस्तानच्या १३ लान्सर्सचे पॅटन होते आणि त्यांना रोखायला आपले तीनच सेंच्युरियन. एक निकामी झाला, दुसऱ्याची तोफ अडकली. अरुणच्या ‘फामागुस्ता’ला आग लागली. बाहेर पडण्याचा आदेश आला, तेव्हा तोफ अजून चालते आहे, असं कळवून ते लढत राहिले. त्याच रणगाड्यात सवार नंद सिंगही मारले गेले. त्यांच्या घराण्याचा असा मागोवा कुणी घेतल्याचं माझ्या वाचनात नाही, आणि हे मला फार लागतं. कागदपत्रं, पदकं, छायाचित्रं ज्या घरात जपली जातात त्याच घरांचा इतिहास होतो.

त्याच दुपारी ढाक्यात शरणागती झाली. दुसऱ्या दिवशी पश्चिम आघाडीवरही तोफा थांबल्या. खेत्रपालांच्या घरी बातमी पोचली ती २६ डिसेंबरला. त्याआधीचे नऊ दिवस आईनं युद्ध संपल्याच्या आनंदात आणि मुलाची वाट पाहण्यात काढले असतील. लढताना मागे हटू नकोस, असं तिनंच त्याला बजावलं होतं म्हणतात. मानपत्रात आईसाठी रकाना नसतो, पण या घराच्या युद्धसेवेत मी तिचं नाव, महेश्वरी, आधी लिहीन.

२००१ साली एक्याऐंशी वर्षांचे ब्रिगेडियर खेत्रपाल आपलं जन्मगाव पाहायला पाकिस्तानात गेले. त्यांचा पाहुणचार केला ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासिर यांनी. मुक्कामाच्या शेवटच्या रात्री नासिर यांनी सांगितलं, की त्या सकाळी १३ लान्सर्सच्या स्क्वाड्रनचं नेतृत्व आपण करत होतो आणि अरुण आपल्याच हातून मारले गेले. बाप ऐकत राहिला. दोघेही सैनिक होते. कर्तव्य म्हणजे काय हे एकानं दुसऱ्याला समजावण्याची गरज नव्हती, आणि तरीही हे ऐकून घेणं किती अवघड, याची कल्पना मला करवत नाही. पुढे नासिर यांनी त्यांना एक छायाचित्र पाठवलं. त्यावर त्यांनी अरुणचा उल्लेख शहीद असा केला होता, आणि लिहिलं होतं की त्या दिवशी जय आणि पराजय यांच्यामध्ये तो अभेद्य खडकासारखा उभा राहिला.