धीर धरा, असे कोणी कोणास म्हणावे?

दुःखात सापडलेल्या मनुष्यास आपण सर्वजण एक वाक्य सहज देतो: ‘धीर धरा, सर्व ठीक होईल.’ ह्या वाक्यास पैसा पडत नाही, वेळ लागत नाही, आणि ते बोलून झाले म्हणजे आपले कर्तव्य संपले असे वाटून आपण आपल्या घरची वाट धरतो. ह्या वाक्याविषयी आज प्रिय वाचकांशी, आणि विशेषेकरून खेडोपाडी घरोघर भेटी देणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंशी, थोडे बोलावे असे मनात आहे. कारण ते वाक्य आम्हीही पुष्कळ वेळा उच्चारले आहे, आणि एकदा तरी ते उच्चारल्याची आम्हांस लाज वाटली आहे.

ती गोष्ट अशी. मुंबईतील परळ हे नाव आपल्या खेड्यांत पूर्वी कापडाच्या गिरण्यांमुळे ठाऊक होते. आता ते रुग्णालयांमुळे ठाऊक आहे. के. ई. एम. रुग्णालय १९२६ साली व टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली ह्या भागात सुरू झाले, आणि आजही महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून दुखणाईत माणसे येथे येतात. ज्यांस मुंबईत आप्त नाहीत व भाड्याने खोली घेण्याचे बळ नाही, अशी पुष्कळ कुटुंबे पदपथावर चटई टाकून दिवस काढतात. एकदा अशाच एका चटईपाशी आम्ही उभे होतो. आमच्या ओळखीच्या गावचा एक गृहस्थ आपल्या पत्नीस घेऊन आला होता. दुखणे मोठे होते. आम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, ‘धीर धरा, दादा, सर्व ठीक होईल.’ त्याने मान वर केली व शांतपणे म्हटले, ‘साहेब, गेल्या खेपेलाबी एकानं असंच सांगितलं हुतं. तुम्ही नुसते बसा जरा.’ आम्हांस पुढच्या कामास जाण्याची घाई होती. आम्ही बसलो, परंतु फार थोडा वेळ. चार महिन्यांनी ती बाई वारली.

त्या मनुष्याने आमच्या बोलण्यातील दोष बरोबर हेरला होता. आशा आणि आश्वासन ह्या दोन वस्तू आम्ही एकत्र कालवून टाकल्या होत्या. ‘अमुक दिवशी अमुक होईल’ हे आश्वासन झाले. ते पुरे करणे ज्याच्या हाती आहे त्यानेच ते द्यावे. आशा ही निराळी वस्तू आहे. पुढे काय होईल हे न कळताही आज जे करणे योग्य आहे ते मनुष्याकडून करविणारे जे बळ, ती आशा.

हा भेद आपल्या शास्त्राच्या वाचकांस नवा वाटू नये. यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथात हनन्या नावाचा एक दुसरा संदेष्टा येतो. बाबेलच्या राजाचे जू दोन वर्षांत मोडेल आणि नेलेली पात्रे व माणसे परत येतील, असे त्याने भर मंदिरात सांगितले. लोकांस हे ऐकून किती बरे वाटले असेल! परंतु ते खोटे होते. यिर्मयाने बंदिवासात गेलेल्यांस पत्र लिहिले, त्यात सत्तर वर्षांची गोष्ट होती. आणि तोवर तेथेच घरे बांधा, मळे लावा, लेकराबाळांची लग्ने करा, असा उपदेश होता. पुढे यरुशलेमेस वेढा पडला असता, स्वतः कैदेत असता, ह्याच यिर्मयाने अनाथोथ येथील चुलतभावाचे शेत सतरा शेकेल रुपे तोलून देऊन विकत घेतले, आणि खरेदीखत मातीच्या पात्रात जपून ठेवविले. शत्रूच्या हाती जाणारी जमीन कोण विकत घेतो? हनन्यापाशी गोड तारीख होती. यिर्मयापाशी खरेदीखत होते.

आमच्या जवळच्या काळातही असाच अनुभव नोंदला गेला आहे. व्हिएन्ना शहराचे मानसवैद्य व्हिक्टर फ्रँकल हे यहूदी असल्यामुळे १९४२ पासून १९४५ पर्यंत नाझी छळछावण्यांत होते. त्यांचे आईबाप, भाऊ व पत्नी त्या छळात मेली. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात ते सांगतात की, १९४४ चा नाताळ व १९४५ चे नवे वर्ष ह्यांच्या दरम्यान छावणीत मृत्यू एकाएकी वाढले. छावणीच्या मुख्य वैद्याच्या मते काम, अन्न व हवा पूर्वीप्रमाणेच होती. फरक इतकाच की पुष्कळांनी नाताळपर्यंत आपण घरी जाऊ अशी समजूत करून घेतली होती, आणि ती फसली. तारखेवर टांगलेले मन तारखेबरोबर खाली पडले. ज्यांस मात्र कोणासाठी किंवा कशासाठी जगावयाचे हे ठाऊक होते, त्यांस तग धरणे अधिक शक्य झाले, असे फ्रँकल ह्यांचे मत झाले. तथापि अर्थ सापडलेला प्रत्येक जण वाचला असे त्यांनी म्हटले नाही; पुष्कळ उत्तम माणसे तेथे मेली हे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे.

परळ व आसपासच्या गिरणगावाने हाच धडा आपल्या परीने घेतला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात होते. त्यांच्या मागण्यांत पगारवाढ व बदली कामगारांस कायम करणे ह्या गोष्टी होत्या, आणि त्या अन्याय्य होत्या असे आम्हांस म्हणवत नाही. संप आज मिटेल, उद्या मिटेल, ह्या समजुतीवर महिने गेले. कित्येकांनी कोकणात, साताऱ्याकडे, कोल्हापुराकडे आपापले गाव गाठले. तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. हजारो कामगार कायमचे बाहेर राहिले आणि पुढे गिरण्याही एकामागून एक बंद पडल्या. आज त्या भोंग्यांच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत. काही जुन्या कामगारांस व वारसांस सोडतीने घरे मिळाली. पुष्कळांस अद्यापि मिळालेली नाहीत. ज्यांच्या घरी हे घडले त्यांस ‘आशावादी राहा’ असे सांगणे सोपे नाही, आणि सोपे नसावेच.

मग अशा ठिकाणी माणसे तगली ती कशाने? गिरणगावात खाणावळी चालविणाऱ्या बाया होत्या. गावी कुटुंब ठेवून एकट्याने राहणारे कामगार त्यांच्याकडे महिनेवारीने जेवत. पगार थांबला की खाणावळीचे पैसेही थांबत. तरी अनेकजणी उधारीवर ताट वाढीत, आणि वाण्याचे व सावकाराचे देणे त्यांच्या शिरावर चढे. १९७५ साली प्रेमा पुरव ह्यांनी ह्याच बायांना जमवून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. पुरवबाई गोव्याच्या मुक्तिलढ्यात लढलेल्या व पुढे कामगार चळवळीत वाढलेल्या होत्या. ह्या बायांनी गट करावा, एकमेकींस जामीन राहावे आणि सावकाराऐवजी बँकेचे कर्ज घ्यावे, असा मार्ग त्यांनी काढला. दागिना नाही, जमीन नाही, सहीच्या जागी अंगठा. तरी शेजारणीचा शब्द हे तारण झाले. येथे कोणी कोणास नुसते ‘धीर धर’ म्हटले नाही. एकीने दुसरीच्या कर्जाचा भार आपल्या नावावर घेतला. धीर म्हणतात तो हाच असावा.

मानसशास्त्राचे पंडितही हल्ली ह्याच बाजूस आले आहेत. अमेरिकेत १९६७ साली मार्टिन सेलिगमन व स्टीव्हन मेयर ह्यांनी कुत्र्यांवर एक कठोर प्रयोग केला. काही कुत्र्यांस विजेचा झटका स्वतः थांबविता येई, काहींस काही केल्या थांबविता येत नसे. पुढे पळून जाण्याची वाट मोकळी असताही ह्या दुसऱ्या जातीतील बहुतेक कुत्रे पडून राहिले. ते हताश होण्यास ‘शिकले’, असा अर्थ तेव्हा लावण्यात आला. परंतु पन्नास वर्षांनी, २०१६ साली, मेंदूच्या नव्या संशोधनावरून त्याच दोघांनी आपले म्हणणे उलटे केले. दीर्घ पीडेत हातपाय गाळणे हे शिकावे लागत नाही, ते प्राण्यास जात्याच येते. शिकावे लागते ते हे की, माझ्या करण्याने काही फरक पडतो. स्वतःची चूक पन्नास वर्षांनी उघडपणे दुरुस्त करणारे हे विद्वान आदरास पात्र आहेत. आमच्या दृष्टीने ह्यातील बोध असा की, खचलेल्या मनुष्यास दोष देऊ नये. खचणे हा अविश्वास नव्हे, पाप नव्हे. त्याच्या हातून काही लहानसे काम पार पडेल अशी वाट करून देणे हे खरे साह्य.

दुसरे एक संशोधन हवाई बेटांतील कावाई येथील आहे. एमी वर्नर ह्या बाईंनी १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा त्यांच्या चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. दारिद्र्य, घरातील कलह, आईबापांचे आजार अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले चांगली, कर्ती व मायाळू माणसे झाली. त्यांच्या आयुष्यात बहुधा एक गोष्ट सारखी आढळली: आजी, शेजारीण, शिक्षक, असे कोणीतरी एक माणूस त्यांस घट्ट धरून होते. ह्याचा दाखला पाहण्यास हवाईस जावे लागत नाही. गिरणगावात टाकलेले एक तान्हे मूल गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने उचलून घरी नेले व त्यास आपले नाव दिले. पुढे तो मुलगा लहानपणीच शहरात एकटा पडला, हमाली केली, शाळेत शिपाई झाला, मग शिक्षक झाला. तेच कवी नारायण सुर्वे. त्यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा संग्रह १९६२ साली निघाला आणि १९९५ साली परभणीच्या साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्या चिकाटीची स्तुती सर्वजण करतात, ती योग्यच आहे. परंतु त्या चिकाटीच्या मुळाशी एका गरीब कामगाराचे दोन हात आहेत हे विसरू नये.

आता एक आक्षेप राहतो, आणि तो आमच्या मते सर्वांत भारी आहे. सहन करण्याची फार स्तुती केली तर सहन करावयास लावणाऱ्याचे फावत नाही काय? २९ सप्टेंबर २०१७ रोजी परळ व एल्फिन्स्टन रोड ह्या स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर, पावसाच्या वेळी, चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. मुंबईवर असे काही कोसळले आणि दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा गाडीत चढले की शहराच्या जिद्दीची वाखाणणी होते. पण त्या लोकांस कामावर न जाऊन चालले असते काय? ज्यास दुसरा मार्ग नाही त्याच्या चालण्यास जिद्द म्हणून हार घालणे, आणि अरुंद पूल तसाच ठेवणे, हे ढोंग आहे. त्या ठिकाणी पुढे लष्कराकडून नवा पूल बांधविण्यात आला आणि २०१८ च्या फेब्रुवारीत तो खुला झाला. धीर धरा म्हणणाऱ्यांपेक्षा पूल मागणाऱ्यांनी त्या मृतांचा अधिक मान राखला, असे आम्ही म्हणतो. आपल्या गावातही असेच आहे. विहिरीवर पाणी भरू न दिलेल्या मनुष्यास केवळ सोशिकपणाचा उपदेश करणारा उपदेशक कोणाच्या बाजूचा, हे त्याने स्वतःस विचारावे.

म्हणून आमच्या मते ‘धीर धरा’ हा शब्द बोलण्यास अधिकार लागतो. जो तारीख सांगत नाही, जो बोलून निघून जात नाही, जो ओझ्याचा काही भाग आपल्या खांद्यावर घेतो, आणि जो ह्या शब्दाने दुखावलेल्याचे तोंड बंद करीत नाही, त्याने तो बोलावा. इतरांनी स्वस्थ बसावे. स्वस्थ बसणे हीही सेवा आहे.

त्या गृहस्थाच्या गावी आम्ही पुढे गेलो. शेतात तूर उभी होती; धाकट्या मुलीची शाळा चालू होती. आम्ही मनातील खंत बोलून दाखविली. तो म्हणाला, ‘साहेब, तुम्ही काय बोलला ते माझ्या ध्यानात न्हाई. शेजारच्या चटईवर एक बाई हुती, परभणीकडची. मी कागदासाठी रांगेत उभा ऱ्हायचो तवा ती माझ्या बायकोपाशी बसायची. तिचाच नवरा आत होता. तिला मी रोज आठवतो.’

ती बाई कोणत्या धर्माची होती हे त्याने सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. उपदेशक बंधूंनो, ह्या आठवड्यात कोणाच्या दुःखाच्या घरी जाणे झाले, तर निघण्यापूर्वी एवढेच पाहावे की, आपल्यापाशी बसावयास वेळ आहे काय.